डुप्लिकेट रेकॉर्ड

डेटाबेसमधली डुप्लिकेट रेकॉर्डं शोधून उडवणं हे आम्हा आयटीवाल्यांचं नेहमीचं काम. अमेरिकेत मात्र असली रेकॉर्डं मुद्दाम जपून ठेवली गेली, त्याची ही गोष्ट.

व्हिएतनाम युद्ध १९७५ साली संपलं. परतलेल्या कित्येक सैनिकांना धड झोप लागेना, जुने प्रसंग पाठ सोडेनात. हे युद्धामुळे, की माणसं मुळातच तशी? वरवर साधा प्रश्न, पण सरकारी भरपाई त्यावरच अडलेली!

मग १९८०च्या दशकात सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या संगणकीय नोंदी चाळल्या गेल्या. आडनाव तेच, जन्मतारीख तीच, नाव वेगळं, सोशल सिक्युरिटी नंबर जवळपास सारखा... म्हणजे बहुधा जुळे! अशा सुमारे ७,००० जोड्यांची नोंदवही तयार झाली.

त्यातल्या ७१५ एकसारख्या जोड्यांत दोघंही सैन्यात होते, पण आग्नेय आशियात एकालाच धाडलं होतं. १९९० साली निकाल आला: तिथे गेलेल्यांत पीटीएसडी १६.८ टक्के, न गेलेल्या भावांत ५ टक्के. जनुकं तीच, घर तेच. फरक युद्धाचा.

२००२ साली गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी अशाच जुळ्यांचे मेंदू तपासले. तीव्र पीटीएसडी असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, लहान निघाला. पण लढाई न पाहिलेल्या भावाचाही तसाच लहान!

म्हणजे दोष आधीचाच, असं म्हणून सरकारने हात झटकायचे का? मुळीच नाही. तसाच मेंदू असूनही त्या भावाला पीटीएसडी नव्हता. त्याला कुणी लढाईत ढकललं नव्हतं, एवढंच.