नौरचनाकार : सरकारी नौकांचा तोल राखणारा व्यवसाय

जहाजाचा आकार, वजन, बळकटी, स्थैर्य आणि वेग यांचे गणित मांडून त्याचा आराखडा तयार करणारा आणि ते जहाज सेवेत असेपर्यंत त्या गणिताची राखण करणारा तंत्रज्ञ म्हणजे नौरचनाकार. आपल्याकडील गोद्यांत ‘नेव्हल आर्किटेक्ट’ हाच शब्द अधिक रूढ आहे. त्यातील ‘नेव्हल’मुळे हे काम युद्धनौकांपुरतेच असावे असा समज होतो. प्रत्यक्षात विमानवाहू नौकेपासून नदीवरच्या फेरीबोटीपर्यंत पाण्यावर तरंगणारे प्रत्येक यान या शास्त्राच्या कक्षेत येते. जहाजावरील इंजिने व यंत्रसामग्री सांभाळणारा मरीन इंजिनिअर निराळा. नौरचनाकाराचा संबंध संपूर्ण जहाजाशी असतो.

गोव्यात या व्यवसायाच्या खुणा रोज दिसतात. पणजी-बेती, रायबंदर-चोडण यांसारख्या जलमार्गांवर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे ‘सिंधू साधना’ हे संशोधन जहाज आहे. वास्को येथे गोवा शिपयार्डमध्ये नौदल व तटरक्षक दलाच्या गस्तीनौका बांधल्या जातात. ही गोदी पोर्तुगीज राजवटीत १९५७ साली सुरू झाली. मुक्तीनंतर ती माझगाव डॉककडे चालवण्यास देण्यात आली आणि १९६७ पासून ती ‘गोवा शिपयार्ड’ या नावाने ओळखली जाते. भारतीय नौदलासाठी तिने बांधलेल्या ‘सरयू’ वर्गातील गस्तीनौका सुमारे १०५ मीटर लांबीच्या आहेत.

सरकारी नौकांचे वेगळेपण

खासगी मालवाहू जहाजाचा मालक नफ्याचा हिशेब पाहून ते विकतो किंवा मोडीत काढतो. सरकारी नौका मात्र बहुधा एकाच खात्याकडे दशकानुदशके राहते. ‘सागर कन्या’ हे भारताचे संशोधन जहाज १९८३ साली सेवेत आले आणि त्याने चार दशकांचा टप्पा गाठला. एवढ्या काळात जहाजाचे काम बदलते. नवी रडार यंत्रणा बसते, जुनी यंत्रे जातात, केबलींची भर पडते, खलाशांच्या सोयी वाढतात. म्हणून सरकारी नौकेच्या रचनाकाराला आजच्या गरजेबरोबरच पुढील वाढीसाठीही वजनाची राखीव जागा धरावी लागते. नंतर ही राखीव जागा कोणी, किती वापरली याचा हिशेबही ठेवावा लागतो.

आराखडा कसा घडतो

कामाची सुरुवात मागणीपत्राने होते. नौका कोठे चालणार, किती वेगाने, किती दिवस बंदराबाहेर राहणार, किती माणसे व सामग्री नेणार, हे वापरणारे खाते ठरवते. त्यावरून रचनाकार लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली आणि एकूण वजन यांचा पहिला अंदाज बांधतो. यातील एक आकडा बदलला की बाकीचे हलतात. वेग वाढवायचा तर मोठे इंजिन हवे. मोठ्या इंजिनाला अधिक इंधन लागते. इंधनाने वजन वाढते आणि वजनाने वेग पुन्हा घटतो. त्यामुळे तीच गणिते अनेकदा फिरून करावी लागतात आणि प्रत्येक फेरीत आकडे एकमेकांच्या जवळ येतात.

जहाजाच्या तळाचा आकार ठरल्यावर त्याची लहान प्रतिकृती लांब पाण्याच्या हौदात ओढून पाण्याचा विरोध मोजतात. या पद्धतीचा पाया विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने घातला. ब्रिटिश नौदल खात्याच्या खर्चाने त्याने टॉर्की येथे उभारलेला हौद १८७२ मध्ये सुरू झाला. भारतात विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीचा असा हौद आहे. आज संगणकावरही पाण्याच्या प्रवाहाचे गणित केले जाते. पण ते प्रतिकृतीच्या चाचणीशी ताडून पाहण्याची प्रथा कायम आहे.

स्थैर्याचे गणित

जहाज तरंगते ते त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनामुळे. मात्र तरंगणारे जहाज सरळ उभे राहीलच असे नाही. जहाजाचे सगळे वजन ज्या बिंदूतून खाली खेचते तो गुरुत्वमध्य. जहाज किंचित कलले की पाण्याचा वर लोटणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो आणि त्याची रेषा जहाजाच्या मध्यरेषेला एका बिंदूत छेदते. या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. पिअर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ मधील आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर कललेले जहाज पुन्हा सरळ होते; खाली गेला तर ते सरळ उभे राहू शकत नाही. या दोन बिंदूंमधील अंतर पुष्कळ जहाजांत मीटरभर किंवा त्याहूनही कमी असते. व्यापारी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते किमान ०.१५ मीटर असावे अशी अट आहे.

गुरुत्वमध्य नेमका कोठे आहे हे कागदावरून पुरते कळत नाही. म्हणून जहाज बांधून झाल्यावर कलचाचणी घेतात. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, डेकवरील ठरावीक वजने एका बाजूकडून दुसरीकडे हलवतात आणि आत टांगलेल्या ओळंब्याचे सरकणे मोजतात. समजा, नौकेचे वजन २,४०० टन आहे आणि १० टनांचा भार ८ मीटर हलवला. दोन बिंदूंतील अंतर १ मीटर असेल तर ३ मीटर लांबीचा ओळंबा १० सेंटीमीटर सरकेल, ते ०.८ मीटर असेल तर साडेबारा सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरच्या या फरकावर जहाजाचे स्थैर्य जोखले जाते. त्यामुळे चाचणीच्या दिवशी जहाजावर अनावश्यक माणूस, अर्धवट भरलेली टाकी किंवा नोंद नसलेले सामान चालत नाही.

पाण्याची घनताही मोजावी लागते. समुद्राचे पाणी घनमीटरला सुमारे १,०२५ किलो, तर गोडे पाणी १,००० किलो भरते. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे पाणी पुराच्या ओघाने खूप गोडे होते. त्या दिवसांत तेच जहाज तेवढ्याच वजनाने थोडे अधिक खोल बुडते.

न दिसणारी वाढ

सेवेतील नौकेचा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे हळूहळू चढणारे वजन. वरील २,४०० टनांच्या नौकेवर पुढील पंधरा वर्षांत थोडी थोडी मिळून ४० टन सामग्री गुरुत्वमध्याच्या १० मीटर वर बसली, तर गुरुत्वमध्य सुमारे १६ सेंटीमीटर वर चढतो. एक मीटरच्या अंतरातील जवळजवळ सहावा हिस्सा असा नाहीसा होतो. यातील कोणतीही एक भर स्वतंत्रपणे धोकादायक नसते. म्हणूनच बसवलेल्या व काढलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन आणि जागा यांची नोंदवही ठेवणे, मोठ्या दुरुस्तीनंतर कलचाचणी पुन्हा घेणे आणि गरज पडल्यास नवी मागणी नाकारणे, ही नौरचनाकाराची कर्तव्ये ठरतात.

दुसरा धोका मोकळ्या पाण्याचा. अर्धवट भरलेल्या टाकीतले किंवा डेकवर साचलेले पाणी जहाज कलताच खालच्या बाजूला धावते आणि कल वाढवते. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंद टाकीच्या मधोमध एक उभी भिंत घातली की तो चौथ्या हिश्शावर येतो.

इतिहासाने दिलेले इशारे

स्वीडनच्या राजाची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरात पहिल्याच सफरीत जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन बुडाली. त्याआधी धक्क्यावर तीस खलाशांना डेकवरून या काठापासून त्या काठापर्यंत पळवून तिचा तोल पाहिला गेला होता. जहाज इतके डोलले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही ते निघाले.

ब्रिटनची ‘कॅप्टन’ ही युद्धनौका १८७० च्या सप्टेंबरमध्ये स्पेनजवळ वादळात उलटली आणि सुमारे ४८० जण मृत्युमुखी पडले. आराखड्यानुसार तिचा डेक पाण्यापासून ८ फूट उंच असायला हवा होता. बांधकामात वजन वाढत गेले आणि तो साडेसहा फुटांच्या आसपास उरला. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांचा या रचनेवर आक्षेप होता. मात्र लोकमत व संसदेतील आग्रह तिच्या बाजूने होता. तिची कल्पना मांडणारे कूपर कोल्स हेही तिच्याबरोबर बुडाले.

गोदीतले नाजूक क्षण

जहाज बंदरात आले म्हणजे सुरक्षित झाले असे नव्हे. सुक्या गोदीतले पाणी उपसले जात असताना जहाज प्रथम एका टोकाने ठोकळ्यांवर टेकते. त्या क्षणी ते पुरते तरंगत नसते आणि पुरते बसलेलेही नसते. ठोकळ्यांच्या खालून येणाऱ्या जोरामुळे त्याचे स्थैर्य घटते. बाहेर काढतानाही असाच क्षण येतो. म्हणून ठोकळे कोठे ठेवायचे, टाक्यांत किती पाणी असावे, पाणी कोणत्या गतीने सोडायचे, हे सारे आधी गणिताने ठरते. मुंबईच्या नौदल गोदीत ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ ही युद्धनौका गोदीतून बाहेर काढण्याच्या प्रक्रियेत कलंडली आणि दोन नौसैनिकांचा मृत्यू झाला. त्याच गोदीत दुरुस्तीसाठी असलेल्या ‘ब्रह्मपुत्र’ला २१ जुलै २०२४ रोजी आग लागली. दुसऱ्या दिवशी आग आटोक्यात आल्यावर ती एका बाजूला कलत गेली आणि त्या वेळी सरळ करता आली नाही. त्या दुर्घटनेत एका नौसैनिकाचा जीव गेला.

नित्याची देखभाल यापेक्षा संथ, पण तितकीच आवश्यक. पोलादी पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने जागोजागी मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा झिजलेला पत्रा कापून नवा जोडतात. गंज जहाजाऐवजी जस्ताला लागावा म्हणून तळाला जस्ताचे तुकडे बसवतात. शेवाळ व शिंपले धरल्याने पाण्याचा विरोध आणि इंधनाचा खर्च वाढतो, त्यासाठी विशेष रंग लावतात. अशा रंगांत पूर्वी वापरले जाणारे विषारी कथिलयुक्त संयुग २००८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निषिद्ध आहे.

शिक्षण आणि सेवा

भारतात या विषयाचे पदवी शिक्षण खरगपूर व मद्रास येथील आयआयटी, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि भारतीय सागरी विद्यापीठाचे विशाखापट्टणम संकुल येथे मिळते. नौदलात रचनाकार अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा आहे. नौदलाचे मध्यवर्ती रचना कार्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आलेल्या, २६२ मीटर लांबीच्या ‘विक्रांत’चा आराखडा त्याच परंपरेतील नौदलाच्या रचना विभागाने केला. गोद्यांचे रचना विभाग, १९७५ साली स्थापन झालेली ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही वर्गीकरण संस्था आणि बांधकामावर देखरेख ठेवणारी सरकारी पथके येथेही या पदवीधरांना वाव असतो.

फेरीबोटीपर्यंत

हे शास्त्र मोठ्या युद्धनौकांइतकेच लहान प्रवासी बोटीलाही लागू पडते. प्रवासी जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक प्रवाशाचे वजन किमान ७५ किलो धरतात आणि सगळे प्रवासी एका बाजूला गोळा झाले तर किती कल येईल याचे गणित चौरस मीटरला चार माणसे धरून करतात. धक्का जवळ येताच प्रवासी एकाच टोकाकडे लोटतात, हे गृहीत धरूनच ही गणिते मांडली जातात. बोटीच्या प्रमाणपत्रातील प्रवासी व वाहनांची मर्यादा अशाच हिशेबांतून ठरते. घाईच्या वेळी ‘आणखी एक गाडी मावेल’ असे डेककडे पाहून वाटते; ती जागा डेकवर असली तरी स्थैर्याच्या हिशेबात असतेच असे नाही. फेरीबोटीवरील कर्मचारी गाडी चढवण्यास नकार देतो तेव्हा तो हाच हिशेब पाळत असतो.