शिक्षकांच्या पंगतीत

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी "शाळा सुधारायची कशी" हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही (घरचे हसतात, हसू देत). आज मात्र माझ्या शाळेचं नाही, सतराव्या शतकातल्या फ्रान्सचं सांगते.

झाँ-बाप्तिस्त द ला साल. जन्म 1651, गाव रँस. घर श्रीमंत, शिवाय तिथल्या कॅथेड्रलमध्ये मानाचं, चांगल्या उत्पन्नाचं पद. 1679 मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढायला आलेल्या एका गृहस्थांना ते मदत करायला गेले आणि त्यातच गुंतले. शाळा निघाल्या, पण शिक्षक धड शिकलेले नव्हते आणि टिकतही नव्हते. ला सालनी त्यांना आधी आपल्या घरी जेवायला बोलावलं, आणि 1681 मध्ये राहायलाच आणलं. भाऊबंद भडकले. असल्या मास्तरांना पंगतीला घ्यायचं म्हणजे काय!

ला साल त्यांना सांगत, देवावर भरवसा ठेवा. त्यावर मास्तर म्हणाले, तुमचं ठीक आहे हो, शाळा बुडाली तरी तुमचं उत्पन्न आहेच. आम्ही कुठे जायचं?

हे त्यांना लागलं. 1683 मध्ये त्यांनी ते पद सोडलं, आणि पुढे दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. शाळांसाठी काहीच का राखलं नाही, हे मला अजून पटत नाही. पण त्यानंतर "तुमचं ठीक आहे" म्हणायची सोय उरली नाही.

मग वर्गातली सुधारणा. एकेका मुलाला टेबलापाशी बोलावून शिकवण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकदम शिकवणं. वाचनाची सुरुवात लॅटिनऐवजी फ्रेंचमधून, कारण गरिबाची मुलं थोडीच वर्षं शाळेत असतात, लॅटिन त्यांच्या काय कामाचं? (आम्हा मराठी माध्यमवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.) शिक्षक हा ख्रिस्ताचा प्रतिनिधी, असं ते मानत; म्हणूनच त्याची तयारी करून घेण्यावर एवढा भर. सहकाऱ्यांच्या अनुभवातून शाळा चालवण्याचं एक पुस्तकही तयार झालं. ते छापलं गेलं 1720 मध्ये, ला साल गेल्यानंतर वर्षभराने.

माझ्या नोकरीत मागच्या बाकावर पूर्ण तास बसलेले मुख्याध्यापक एकच. बाकीचे दारातून मस्टरपुरते डोकावले. ते सर मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, अपूर्णांक छान शिकवलात, पण खिडकीजवळच्या मुलींना फळा दिसत नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी फळा हलवून घेतला.