तीन फसवी नावे आणि एक सुगंधी रोप

१/ गेल्या आषाढात माझ्या गच्चीवरचे गुलाबगंधी जिरेनियम मुळापासून सडून गेले. पानांना गुलाबाचा वास येतो, म्हणून निगाही गुलाबासारखीच ठेवली होती: काळी माती, शेणखत, रोज पाणी. चूक कुठे झाली हे शोधता शोधता थेट सतराव्या शतकातील जहाजांपर्यंत पोहोचले. त्या शोधाचा हा धागा. 🧵

२/ इंग्लंडमध्ये जॉन ट्रेडस्कंट नावाचा विख्यात माळी होता. त्याच्या बागेत एक नवलाचे रोप आले. दिवसा त्याची फुले गंधहीन असत, रात्री मात्र दरवळत. १६३३ साली थॉमस जॉन्सनने गेरार्डच्या वनस्पतिग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत त्याची नोंद केली. लॅटिन नावाचा अर्थ होता ‘रात्री गंध देणारे हिंदी जिरेनियम’.

३/ हे रोप हिंदुस्थानातले नव्हतेच. ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे, केपचे. पूर्वेकडून मसाले घेऊन परतणारी जहाजे पाणी आणि ताजे मांस मिळवण्यासाठी केपला थांबत. जहाज हिंदुस्थानकडचे, म्हणून रोपही हिंदी! डच कंपनीचे ठाणे तेथे पडले १६५२ साली. रोप त्याच्या आधीच युरोपात पोहोचले होते.

४/ केपला तेव्हा खोईखोई हे पशुपालक लोक राहत. लोखंड आणि तांब्याच्या बदल्यात ते जहाजांना गुरे देत. रोप त्यांच्या भूमीतले. पण नावात ना त्यांची खूण राहिली, ना त्यांच्या भूमीची. हे पहिले फसवे नाव.

५/ दुसरे नाव ‘जिरेनियम’. ग्रीक भाषेत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी. फळाचा आकार त्याच्या चोचीसारखा. १७५३ साली लिनिअसने केपची ही रोपे युरोपीय जिरेनियमच्याच प्रजातीत बसवली.

६/ १७७२ मध्ये क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसनला केपला धाडले. कुकच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजातून गेलेल्या मॅसनने या कुळातील अनेक जाती लंडनला पाठवल्या. १७८९ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्याच वर्षी, लेरितिएने त्यांची वेगळी प्रजाती मानली: पेलार्गोनियम. ‘पेलार्गोस’ म्हणजे बलाक. बागाईतदारांनी मात्र जुने नाव सोडले नाही.

७/ तिसरे नाव ‘बोर्बोन’. या पानांच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल असतात. गुलाबाच्या तेलातही हीच द्रव्ये प्रमुख. महागड्या गुलाबतेलाला स्वस्त पर्याय मिळाला आणि हिंदी महासागरातील फ्रेंच रेयुनियाँ बेटावर लागवड फोफावली. बेटाचे जुने नाव बोर्बोन. ते फ्रान्सच्या राजघराण्याचे नाव. राजघराणे गेले, बेटाचे नाव बदलले; तेलाच्या व्यापारात ते टिकले.

८/ आज निलगिरीच्या डोंगरांत आणि अलीकडे महाराष्ट्रातील काही शेतांतही तेलासाठी जिरेनियम लावले जाते. म्हणजे ‘हिंदी’ म्हणवले गेलेले कूळ खरोखरच हिंदुस्थानात आले, पण दोन-तीन शतकांच्या वळशाने.

९/ आता माझ्या सडलेल्या रोपाकडे. गुलाबगंधी रोपाचा एक पूर्वज, पेलार्गोनियम कॅपिटाटम, केपच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर वाढतो. तेथे पाणी मुळांशी साचत नाही. आपल्या काळ्या मातीत आणि आषाढसरींत ते साचते. मी नावावर, वासावर विसंबले. जन्मभूमी विचारलीच नाही.

१०/ म्हणून निगा अशी: मातीची, तळाला भोक असलेली कुंडी. माती आणि वाळू समसमान, थोडे गांडूळखत. सकाळचे भरपूर ऊन, वैशाखात दुपारची सावली. वरची माती सुकल्यावरच पाणी. शेंडे खुडले की रोप डेरेदार होते. पावसाळ्यात कुंडी आडोशाला, पागोळ्यांपासून दूर.

११/ दिवाळीच्या सुमारास कलमे करावीत. कोवळी पण भरीव फांदी पेराखाली कापावी, खालची पाने काढावीत, काप काही तास सावलीत सुकू द्यावा, मग ओलसर वाळूत खोचावी. जुने रोप दगावले तरी वंश राहतो.

१२/ तीन नावांत एक देश आहे, एक पक्षी आहे, एक राजघराणे आहे. केप कुठेच नाही. पान चुरगळल्यावर वास हाताला लागतो, तेव्हा त्या वाळूची आठवण ठेवावी. तुमच्या अंगणातील कोणत्या झाडाचे नाव असेच फसवे आहे? खाली लिहा, पुढचा धागा त्यावर.