बोटांना कळणारी वास्तु

डोळसांच्या जगांत घर म्हणजे प्रथम एक देखावा असतो. कमानी, खांब, दर्शनी भिंतीचा रंग यांवरून त्याची पारख होते. भिंत चांचपून वाट काढण्याचा प्रसंग दिवा गेला म्हणजेच काय तो येतो. अंध मुलाला मात्र तो प्रसंग अष्टौप्रहरचा. असें असूनही अंधांची पहिली शाळा निघाल्यापासून ही साधी गोष्ट शाळेच्या भिंतींत उतरण्यास सव्वादोनशें वर्षांच्या आसपास काळ जावा लागला, हा शिक्षणाच्या इतिहासांतील एक चमत्कारिक भाग होय.

व्हॅलेंटिन आउई या फ्रेंच गृहस्थानें १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्यें ही शाळा काढली आणि कागदावर उठावाचीं अक्षरें उमटवून तीं बोटांनीं वाचण्याची सोय केली. पुढें शाळेचें बिऱ्हाड एका जुन्या धर्मपाठशाळेंत गेलें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९२ सालीं, याच वास्तूंत धर्मगुरूंची कत्तल झाली होती. दहा वर्षांचा लुई ब्रेल १८१९ सालीं तेथें दाखल झाला तेव्हां इमारत ओल धरलेली, कोंदट आणि अरुंद जिन्यांची होती. ब्रेलला तरुणपणींच क्षयानें गांठलें. त्या ओलाव्याचाही त्यांत वांटा असावा, असें त्याचे चरित्रकार मानतात. अखेर १८३८ सालीं कवि लामार्तीन यानें लोकप्रतिनिधींच्या सभेंत या मुलांची कैफियत मांडली, पैसा मंजूर झाला, आणि १८४३ सालीं शाळा नव्या प्रशस्त वास्तूंत गेली. पुढच्या फेब्रुवारींत तिचा उद्घाटन-समारंभ झाला. ब्रेलच्या सहा टिंबांच्या लिपीचें जाहीर प्रात्यक्षिकही त्याच वेळीं झालें.

हवा मिळाली, उजेड मिळाला, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्या इमारतीच्या दर्शनी भागीं, छपराखालच्या त्रिकोणी शिरोभागावर, झुफ्रुआ या शिल्पकारानें आउईचें उठावशिल्प कोरलें आहे. ज्यांच्यासाठीं आउईनें अक्षरांना उठाव दिला, त्या मुलांच्या बोटांना तें शिल्प जन्मांत कधीं लागावयाचें नाहीं! रस्त्यानें जाणाऱ्या डोळसांसाठीं तें आहे. त्या काळच्या शाळागृहांची सारी वृत्तीच या एका शिल्पांत दिसते.

अमेरिकेंत बोस्टन येथें डॉक्टर सॅम्युअल होव यानें चालविलेल्या शाळेची कथा याहून निराळी नाहीं. तिच्यासाठीं १८३७ सालीं सुमारें १३ फूट घेराचा लांकडी पृथ्वीगोल करण्यांत आला; पर्वत आणि किनारे त्यावर हातांना लागत. अवघी पृथ्वी अशी बोटांच्या कह्यांत आली, पण १८३९ सालीं शाळा ज्या घरांत गेली तें होतें एक हॉटेल. पुस्तक हातासाठीं, घर डोळ्यांसाठीं, ही फारकत पुढेंही दीर्घकाळ टिकली.

या फारकतीची किंमत मूल भरीत असे. लांबच लांब बोळ, दोहों बाजूंस एकसारखीं दारें, सर्वत्र एकच गुळगुळीत गिलावा: अशा घरांत कोणाचा तरी हात धरल्यावांचून वर्गांत जाणें जड. वास्तविक अशा मुलाचे पाय फरशीचा खरखरीतपणा जाणतात, कान पावलांच्या प्रतिध्वनीवरून छताची उंची ओळखतात, गाल वाऱ्याच्या झुळकेवरून उघडें दार हेरतो. घरानें त्यांच्याशीं कांहीं बोलावें, एवढेंच हवें असतें.

ग्लासगो शहरांत २००७ सालीं उघडलेल्या हेझलवुड शाळेनें हें बोलणें आरंभिलें. दृष्टीबरोबरच श्रवणही उणें असलेल्या मुलांसाठीं ती आहे. अॅलन डनलॉप या स्थापत्यविशारदानें आधीं शिक्षकांशीं व पालकांशीं दीर्घ विचारविनिमय केला. तेथील झाडें राखून इमारत त्यांच्याभोंवतीं वळत जाते, त्यामुळें सरळसोट बोळ उरलाच नाहीं. आंतून एक भिंत शाळेची सोबत करीत धांवते. तिला बुचाचे तक्ते जडविले आहेत. बूच हाताला उबदार लागतें, त्यावरील खुणा बोटांना वाट सांगतात, आणि भिंतीच्या जाडींतच सामानाचीं कपाटें बसविलीं असल्यानें वाटेंत अडगळ येत नाहीं. मूल भिंतीला हात लावून निघतें आणि एकटें वर्गांत पोंचतें.

यावर एक आक्षेप संभवतो: बाहेरच्या जगांत अशी बुचाची भिंत कोठें आहे? मग ही मुलें तेथें गोंधळणार नाहींत काय? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण एकटें चालण्याची उमेद ज्याला घरांतच लाभली नाहीं, तो रस्त्यावर ती कोठून आणणार?

ग्लासगोंतील बूच आणि तेथील कारागिरीचा खर्च पाहतां हें सारें श्रीमंत देशाचें काम वाटेल. तें तसें नाहीं, हें गुजरातेंत दिसून आलें. गांधीनगर येथें अंध व मंददृष्टि मुलांसाठीं आनंद सोनेचा यांच्या सीलॅब या संस्थेनें आंखलेली शाळा २०२१ सालीं पुरी झाली. साधन आपल्या परिचयाचेंच: गवंड्याचा गिलावा आणि कोटा फरशी. बोळाच्या लांब बाजूस गिलाव्यांत आडव्या रेघा, आंखूड बाजूस उभ्या, आणि मधल्या चौकाच्या चार कोंपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार; बाहेरच्या अंगास रेतीचा खरखरीत गिलावा. फरशी गुळगुळीत, पण प्रत्येक वर्गाच्या दाराशीं खडबडीत, म्हणजे पायानेंच दार समजावें. प्रवेशाशीं छत उंच आहे, आंत तें उतरत जातें, आणि त्याबरोबर आवाजही पालटतो. अंगणांत सुवासिक झाडें आहेत. ज्यांना थोडें दिसतें त्यांच्यासाठीं दारांना आणि विजेच्या बटणांच्या फळ्यांना ठळक, विरोधी रंग दिले आहेत. थेट ऊन डोळ्यांस सोसत नाहीं म्हणून उजेड गाळून आंत घेतला आहे. आणि या सर्वांत प्रमाण सांभाळलें आहे, हें विशेष. दहा पोत एकत्र आले असते तर दहा जणांनीं एकदम बोलावें तसा कालवा झाला असता.

बांधकामापूर्वीं एक अडचण निघाली. नकाशा हा मुळांत डोळ्यांचा कागद. ज्यांच्यासाठीं घर बांधावयाचें त्यांनाच तो वाचतां येईना. म्हणून स्पर्शानें समजणारे नकाशे आणि लहानमोठे नमुने करण्यांत आले. त्यांवरून हात फिरवीत विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं आपली शाळा, ती उभी राहण्यापूर्वींच, तपासून पाहिली.