पुऱ्यांचं शहर

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या आईला रिक्षा क्वचितच लागायची. भाजी मंडईत, लुगडी मछली खडकवर, मोडतोड सराफ्यात आणि येताना गुलमंडीवर सुपारी हनुमानाला नमस्कार. हातात पिशवी, पायात चप्पल, की झालं. ही सोय तिला इतिहासाने दिली होती.

मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात खेळवलं. पुढे औरंगजेबाच्या सरदारांच्या वस्त्या वाढल्या. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंहाचा भावसिंगपुरा, बिकानेरच्या कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा. गाव या पुऱ्या-पुऱ्यांनी वाढलं, आणि रोजचं बहुतेक काम पुऱ्यातच भागायचं. लांबच्या प्रवासाचं काम दरवाजांकडे: दिल्ली, पैठण, जालना. ज्या वाटेला जायचं, तिचंच नाव दरवाजाला.

१९०० मध्ये रेल्वे आली, स्टेशन तटाबाहेर पडलं. तरी ते टांग्याचं अंतर होतं. घर आणि कामाची खरी ताटातूट त्यानंतरची. सत्तरच्या दशकापासून सिडकोने पूर्वेला घरं बांधली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना पश्चिमेला वाळूजला सुरू झाला. मधे अख्खं शहर. माझा भाऊ सिडकोच्या एन-सेवनमध्ये राहायचा. वाळूजच्या पहिल्या पाळीसाठी तो अंधारातच घर सोडायचा, मुलं झोपलेली असायची. देशभर धावणाऱ्या तीनचाकी रिक्षा ज्या गावात तयार होतात, तिथली माणसं जालना रोडवर शेअर रिक्षात अंग चोरून बसून कामाला जातात, याचं मला वाईट वाटतं.

मकई दरवाजापाशी संध्याकाळी उभं राहून बघावं. खाम नदीवरचा तो अरुंद पूल, पुढे कमान. दोन्हीकडून वाहनं तोंडाला तोंड लावतात, रिक्षावाला आरसा आत वळवतो, आणि पायी जाणारी बाई मुलाला कडेवर घेऊन दगडाला पाठ टेकते. दरवाजा पाडा म्हणणारे तिथेच भेटतात. दरवाजाचा काय दोष? घर एकीकडे आणि काम दुसरीकडे त्याने नेलेलं नाही.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जाताना सिडकोची माणसंसुद्धा पंचवटी चौकापासून पायी चालतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून. पायी चालायला तेवढी वाट गुलमंडीला वर्षभर मिळावी, ही माझी मागणी आहे. पैठण गेटपासून सुरुवात करा.