समावेशित शिक्षण (अहिल्यानगर जिल्हा)
दिव्यांग विद्यार्थ्यांना नेहमीच्या वर्गातच आवश्यक आधार देऊन शिकवण्याची पद्धत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. रोजचा भार मात्र वर्गशिक्षकावरच. अल्पदृष्टी मुलाला फळ्याजवळची जागा आणि मोठ्या ठशाचे पुस्तक, फळ्यावरचे प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचणे, कमी ऐकू येणाऱ्याकडे तोंड करून बोलणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. पाथर्डी, शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे हंगामात गाव सोडतात, तेव्हा त्यांच्या दिव्यांग मुलांचा हा आधार मध्येच तुटतो. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांत रॅम्प आणि मदतनीस असायलाच हवेत.