करिअर निवडण्यापूर्वी एक दिवस सावलीचा

दहावीचा निकाल हाती आला, की अकरावीच्या अर्जात शाखा भरावी लागते. कला, वाणिज्य की विज्ञान, हा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी घेतला जातो आणि त्या वेळी हाताशी असते ती गुणपत्रिका, नात्यातल्या एखाद्या हुशार मुलाचे उदाहरण आणि क्लासच्या जाहिराती. ज्या व्यवसायात आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षे घालवायची, त्यातला एक साधा दिवस कसा जातो हे मात्र बहुतेकांनी पाहिलेले नसते. ही उणीव भरून काढणारी पद्धत म्हणजे 'जॉब शॅडोइंग'. एखाद्या व्यावसायिकासोबत एक दिवस, फार तर आठवडाभर, सावलीसारखे राहायचे. त्याचे काम पाहायचे, ऐकायचे, टिपून ठेवायचे. स्वतः काम करायचे नाही.

उमेदवारी मराठी माणसाला नवी नाही. पूर्वी नेमणुकीच्या आशेने कचेरीत विनावेतन राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. आजची शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याने चालते आणि तिला विद्यावेतन असते. इंटर्नशिपही अनेक अभ्यासक्रमांत सक्तीची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार विधी शाखेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. परंतु हे सारे वाट निवडल्यानंतरचे. प्रवेश झाला, शुल्क भरले, वर्ष गेले आणि मग काम आवडत नाही असे ध्यानात आले, तर माघारी फिरणे महाग पडते. जॉब शॅडोइंगचे मोल ते निवडीच्या आधी होते यातच आहे.

वकिलीचेच उदाहरण घेता येईल. चित्रपटातला वकील उलटतपासणी घेतो आणि निकाल फिरवतो. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाची सकाळ दिवसाचा बोर्ड पाहण्यात जाते. आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे, पुकारा केव्हा होईल, तोवर दुसऱ्या न्यायकक्षात कोण उभे राहील, याची जुळवाजुळव सुरू असते. पुकारा होतो, समोरचा पक्ष मुदत मागतो, पुढची तारीख पडते. दुपारी नकलेचा अर्ज, जुने रोजनामे चाळणे, कैफियतीचा मसुदा. संध्याकाळी कार्यालयात पक्षकार येतात आणि पुन्हा तारीखच का पडली, हे त्यांना समजावून सांगावे लागते. या दिवसाचा मोठा भाग वाचनात आणि वाट पाहण्यात जातो. तो पाहून विद्यार्थी कंटाळला, तरी ते कळणे लाभाचेच. उलट कंटाळवाण्या वाटणाऱ्या कागदांत त्याला काही गवसले, तर ती खूण नव्वद टक्के गुणांपेक्षा अधिक भरवशाची मानावी.

न्यायालयाची आणखी एक सोय अशी, की तेथे ओळख लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३-ब आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३६६ यांनुसार न्यायालय सर्वसाधारणपणे जनतेसाठी खुले असते. बंद दाराआड चालणारी प्रकरणे वगळली जातात आणि कोणालाही बाहेर थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशांना असतो, एवढे लक्षात ठेवावे.

इतर ठिकाणी मात्र ओळखच आड येते. डॉक्टरांच्या मुलीने दवाखाना लहानपणापासून पाहिलेला असतो. रिक्षाचालकाच्या मुलीला तो फक्त रुग्ण म्हणून ठाऊक असतो. गुण दोघींना सारखे असले, तरी निवड दोघींची सारखी माहितीवर होत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये 'मिस फाउंडेशन फॉर विमेन'ने मुलींना एक दिवस कामाच्या ठिकाणी नेण्याचा उपक्रम सुरू केला; २००३ पासून त्यात मुलगेही आले. हेतू स्तुत्य, पण मूल आईवडिलांच्याच कामावर गेले, तर आईवडिलांचेच जग पाहून परतते. जपानच्या ह्योगो प्रांताने ही अडचण शाळेकडून सोडवली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर, १९९८ मध्ये तेथे 'ट्राय-यारू वीक' सुरू झाला. कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातील, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुले पाच दिवस वर्गाबाहेर पडून दुकाने, बालवाड्या, शेते, कार्यशाळा अशा ठिकाणी अनुभव घेऊ लागली. ठिकाण मिळवणे हे कुटुंबाच्या ओळखीवर राहिले नाही. तेथे मुले हातानेही थोडे काम करतात, हा जॉब शॅडोइंगहून फरक.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याचे सुचवले आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, ही कल्पना. बारावीपर्यंत, सुट्टीतही, अशा संधी द्याव्यात असे धोरण म्हणते. पण दिवस ठरवून दिले आहेत ते आठवीपर्यंतच. शाखेचा प्रश्न जेव्हा दारात उभा राहतो, त्या नववी-दहावीत वेळापत्रकावर परीक्षेचाच ताबा असतो. म्हणून तूर्त दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टीच हाताशी राहते.

विनंतीपत्र एका पानाचे पुरे. कोणता दिवस, किती तास, काय पाहायचे आहे आणि शाळेचे किंवा पालकांचे संमतिपत्र, इतके त्यात असावे. दवाखान्यात रुग्णाची संमती आधी घ्यावी. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे. कारखान्यात हेल्मेट आणि सुरक्षा-बुटांशिवाय आत जाऊ नये. 'आलाच आहेस तर एवढे खोके उचल' असे कोणी म्हटल्यास ते जॉब शॅडोइंग राहत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने, कुटुंबाला मदत आणि बालकलाकार यांसारखे अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई आहे. चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याची कामे वर्ज्य आहेत.

प्रश्न पगाराचा विचारण्यास हरकत नाही, पण गेल्या आठवड्यात घरी किती वाजता पोहोचलात, कोणते काम सतत पुढे ढकलता, हे विचारल्यास अधिक कळते. एका दिवसावरून मात्र मत बनवू नये. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडचा एकेक दिवस पाहावा. सनदी लेखापालाचे कार्यालय निवांत आठवड्यात पाहिले असेल, तर विवरणपत्रांच्या मुदतीआधीच्या आठवड्यात पुन्हा एकदा जाण्याची परवानगी मागून ठेवावी.